फ्लॅनन बेटावरचा दिवा

नमस्कार श्रोतेहो. मराठवाड्याला समुद्र नाही, त्यामुळे दीपगृह आपल्यातल्या कितीतरी जणांनी चित्रातच पाहिलं असेल. तरी आज दीपगृहाचीच गोष्ट सांगतो, कारण तिच्यातलं भूत आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडे विहिरीत कुणी बुडालं की साती आसरांनी ओढून नेलं म्हणतात. विहिरीचा कठडा ढासळलेला होता, हे मग मागेच पडतं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात फ्लॅनन बेटं आहेत. पूर्वी तिथे उतरणारी माणसं आधी टोपी काढत आणि प्रदक्षिणा घालावी तसं उजवीकडून वळून देवाचे आभार मानत. अशा जागी डिसेंबर १८९९ मध्ये दीपगृह सुरू झालं.

वर्षभरानं, १५ डिसेंबर १९०० च्या रात्री, तिथून गेलेल्या जहाजाला दिवा दिसला नाही. खराब हवेमुळे हेस्परस ही बोट २६ तारखेला पोचली. तिच्यावरून आलेला दीपगृहाचा रखवालदार जोसेफ मूर वर चढून गेला, तर चूल थंड, अंथरुणं रिकामी. दिवा सांभाळणारे जेम्स डुकॅट, थॉमस मार्शल, डोनाल्ड मॅकआर्थर, तिघांचाही पत्ता नाही.

मग गोष्टी सुरू झाल्या. टेबलावर न चाखताच टाकलेलं जेवण आणि उलटी पडलेली खुर्ची आली ती १९१२ च्या विल्फ्रिड गिब्सनच्या कवितेतून. लोकांनी ती खरीच धरली.

प्रत्यक्षात भांडी घासून ठेवलेली होती. दिव्यात तेल भरलेलं, वात नीट केलेली, भिंग पुसून लख्ख. अंधार पडला की पेटवायचं, एवढंच बाकी होतं. पश्चिमेच्या धक्क्यावर मात्र लोखंडी कठडे वाकले होते. ११० फूट उंचीवर कपारीत ठेवलेली दोरांची पेटी जागेवर नव्हती. त्याहून वर, २०० फुटांवर, गवताचा थर उखडला होता! समुद्र तिथवर चढला होता. पेटी सावरायला गेलेल्यांना लाटेनं नेलं, असा निष्कर्ष चौकशी करणाऱ्या रॉबर्ट मुइरहेड यांनी काढला.

मॅकआर्थरचा कोट घरातच राहिला होता. भुताची गोष्ट सांगणारे या कोटावरच अडतात. मला वाटतं, सोबत्यांवर आलेलं संकट पाहून तो तसाच धावला असणार. तो तर बदलीवर, आजारी माणसाच्या जागी आलेला. त्याच्यामागे बायको आणि दोन मुलं राहिली, डुकॅटच्या मागे बायको आणि चार मुलं. गोष्टीत ती कुणी घेत नाही, म्हणून आज मुद्दाम सांगितलं. नमस्कार.