झिजलेल्या चांदीचा हिशेब

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'दामोदर धर्मानंद कोसंबी आणि भारतीय सरंजामशाही'. सरंजामशाहीकडे येतेच, पण त्याआधी मला काट्याबद्दल बोलू द्या. सराफाच्या काट्याबद्दल. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं आणि कोसंबी माझ्याकडे इतिहासाच्या दारातून आलेच नाहीत, काट्यावरून आले.

त्यांचं चरित्र तुम्हाला ठाऊक आहे. 1907 साली गोव्यातल्या कोसबेनला जन्म, वडील बौद्धविद्येचे पंडित धर्मानंद, त्यांच्याबरोबर अमेरिका, हार्वर्डची पदवी 1929 मध्ये. मग शिकवायला काशी, अलीगढ, पुण्याचं फर्ग्युसन. मूळचा गडी गणिताचा. संख्याशास्त्र नीट अंगवळणी पडावं म्हणून त्यांना खरीखुरी आकडेवारी हवी होती. आधी परीक्षांचे गुण घेऊन बसले, मग नाण्यांकडे वळले. इतिहास लिहायचा म्हणून नाणी हातात घेतली नव्हती, हे लक्षात ठेवा.

ती आहत नाणी, म्हणजे ठसे मारून केलेली. चांदीच्या पत्र्याचे तुकडे, कोपरे छाटून वजन जुळवलेले, सुमारे बत्तीस गुंजांचे. दर्शनी बाजूला बहुधा पाच ठसे. नाव नाही, राजा नाही, साल नाही. तोवर अभ्यासक ठशांकडे बघून हा सूर्य, हा डोंगर, हा अमुक वंश, असं सांगत. कोसंबींनी प्रत्येक नाणं तोललं. हजारो नाणी, एकेक करून. कारण साधं आहे: नाणं हातोहात फिरतं तशी चांदी झिजते. मागच्या बाजूला बारीक ठसे असतात, ते व्यापाऱ्यांनी वेळोवेळी तपासणी करून मारलेले. म्हणजे ठसे जास्त, तितकं नाणं बाजारात जास्त फिरलेलं. मागच्या ठशांच्या संख्येप्रमाणे गट पाडले आणि सरासरी वजन काढलं, तर ते पायरीपायरीने उतरत जातं. निनावी नाण्यांचा क्रम लागला! तक्षशिलेच्या भीर टेकडीवर 1924 मध्ये सापडलेल्या साठ्यात सिकंदराची आणि त्याच्या सावत्र भावाची अगदी कोरी नाणी होती. त्यावरून साठा पुरल्याचा काळ कळतो, आणि बाकीचा हिशेब तिथून मागे मोजता येतो.

हे मी वाचलं तेव्हा झोप उडाली. 1988 ची गोष्ट. मी वर्गातल्या मुलांना सांगितलं, प्रत्येकाने घरून दहा रुपये आणा, नोटा नाही, नाणी. तेव्हा 1975 पासूनचा आठ ग्रॅमचा मोठा रुपया चलनात होता. आता तोलायचे कुठे? आमच्या महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला उत्तम काटा होता. मागितला. उत्तर मिळालं, "इतिहासाच्या कामाला काटा मिळणार नाही." त्या महाविद्यालयाचं नाव घेत नाही, पण ते वाक्य मला अजून टोचतं. ज्याला वजन आहे, त्यात इतिहास कसा नसेल?

शेवटी पेठेतल्या एका सराफांच्या दुकानात गेलो. म्हातारे गृहस्थ, पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा बसू द्यायचे. चारशे रुपये तोलायला तीन दुपारी लागल्या. पहिल्या दुपारी त्यांनी एक नाणं उचललं, काट्यावर ठेवलंच नाही. अंगठ्याने कडेवरून फिरवलं, मग मधल्या सिंहांवरून, आणि म्हणाले, "हा खूप फिरलाय. कड बोथट झाली." मुलांनी साल वाचलं, 1975. दुसरं उचललं. "हा ट्रंकेत पडून होता." साल तेच! काट्यावर घातलं, तर पहिला हलका, दुसरा जवळजवळ पुरता आठ ग्रॅम. मुलं गप्प झाली.

सगळा तक्ता भरल्यावर दिसलं ते हे: जुन्या सालांची सरासरी उतरलेली, आणि त्याहून महत्त्वाचं, जुन्या नाण्यांची वजनं एकमेकांपासून जास्त लांब पांगलेली. एकाच सालचे रुपये एकत्र निघतात, पण कुणी बाजारात जातो, कुणी ट्रंकेत. कोसंबींनीही आधुनिक नाणी तोलून हीच खात्री करून घेतली होती, आणि मगच प्राचीन नाण्यांबद्दल तोंड उघडलं.

संग्रहालयांबद्दल माझी तक्रार इथे सांगूनच टाकते. नाणं काचेमागे, खाली वंशाचं नाव, आणि वजन लिहिलेलंच नाही! निदान ग्रॅम तरी लिहा हो.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. तर सरंजामशाही.

नाणी कोणी पाडली, हा प्रश्न आला म्हणून ते पुराणांकडे आणि बौद्ध ग्रंथांकडे गेले. ते वाचायचे तर संस्कृत पक्कं हवं, म्हणून संस्कृत कवी भर्तृहरी घेतला आणि 1948 मध्ये त्याच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीच काढली. एकीकडे डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितासाठी जायचं, दुसरीकडे पुण्याच्या टेकड्या पायी तुडवून गारगोटीची सूक्ष्म हत्यारं वेचायची. म्हसोबा, बोल्हाई, यमाई यांच्या ठाण्यांपाशी ती सापडतात, हे त्यांनी दाखवलं. पालखीची वाट मुळात कळपांच्या हंगामी स्थलांतराची, हेही त्यांचंच म्हणणं.

1956 च्या 'ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' या ग्रंथात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वरून आलेली सरंजामशाही म्हणजे सम्राट अंकित राजांकडून खंडणी घेतो, ते आपापल्या मुलखात मोकळे. खालून आलेली म्हणजे गावातच जमीनधारकांचा वर्ग वाढतो, राज्य आणि कुळ यांच्या मधे उभा राहतो, आणि शस्त्रही बाळगतो. यावर पुढे पुष्कळ वाद झाले. मला स्वतःला दुसरा भाग अधिक पटतो, कारण आपल्याकडच्या वतनांच्या कागदांत तो माणूस पानोपानी भेटतो. पण पद्धत तीच: आधी मोजा, चाला, हात लावा. मौर्यकाळातल्या नाण्यांत तांबं वाढलं आणि वजनं बेशिस्त झाली, यावरून त्यांनी खजिन्याची ओढाताण ओळखली. तिथे एकही शिलालेख मदतीला नव्हता.

29 जून 1966 ला पुण्यात झोपेतच गेले. साठीही झाली नव्हती.

वेळ संपली. माझ्या पिशवीत त्या दुपारचे ते दोन रुपये आहेत, दोन्ही 1975 चे. इथे टेबलावर ठेवते. चहाला जाताना अंगठा फिरवून बघा, आणि ट्रंकेतला कोणता ते मला येऊन सांगा. काटाही आणलाय.