मेपलच्या रसाला बादली कुठली? त्रिकोणातला आकडा बघून फसू नका!

नमस्कार मंडळी! बाहेर आत्ता उणे चार आहे आणि दुपारी अधिक पाचवर जाणार. म्हणजे आज झाडांतून रस गळणार. कमेंटमध्ये मात्र आठवडाभर एकच प्रश्न गळतोय: ताई, रसाला बादली कुठली घेऊ?

नवीन मंडळींसाठी भराभर सांगते. मी कॅनडात, ऑन्टॅरिओत किचनरजवळ राहते. मागच्या अंगणात शुगर मेपलची तीन झाडं आहेत. फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत, रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं, त्या दिवसांत रस उतरतो. खोड निदान दहा-बारा इंच जाड हवं. ५/१६ इंची भोक, दीड इंच खोल, त्यात तोटी, तोटीखाली भांडं. झालं. भोक पाडण्यावर वेगळा व्हिडिओ आहे, तो बघा.

आता मुद्दा. रस चाखलात तर पाणीच वाटेल, कारण साखर जेमतेम २ टक्के. साधारण ४० लिटर आटवा, तेव्हा १ लिटर सिरप. हा चाळीसचा आकडा धरून ठेवा, आज त्यावरूनच तुमचं डोकं खाणार आहे.

(पांढरी बादली दाखवत) ही बघा माझी लाडकी. सुपरमार्केटच्या बेकरीत केकवरचं आयसिंग अशा बादल्यांत येतं. सकाळी लवकर जाऊन मागा. कधी फुकट देतात, कधी दोन-तीन डॉलर घेतात. पहिल्या वर्षी मला मागायचीच लाज वाटली होती. आता काउंटरवरची मुलगी मला बघून आपणहून विचारते, ‘आज किती?’

आणि हो, झाकणासकट मागा. झाकणाला तोटीच्या नळीपुरतं भोक पाडा. उघड्या बादलीत पाऊस पडतो, पतंग बुडून मरतात. त्या पावसाचं पाणी आटवायला लाकडं तुमचीच जळणार ना?

आता माझं दुखणं. बादली उलटी करा. त्रिकोणात २ लिहिलंय? ‘ताई, २ नंबर आहे, म्हणजे फूड ग्रेड!’ नाही हो! फूड ग्रेड म्हणजे अन्न ठेवायला चालणारं. तो २ म्हणजे नुसती प्लास्टिकची जात, एचडीपीई. रिसायकल करणाऱ्याला कळावं म्हणून छापलेला. दुधाच्या कॅनवरही २ आणि कपड्याच्या साबणाच्या बाटलीवरही २. साबणाच्या बाटलीतून दूध प्याल का?

अजून पटत नाही? हार्डवेअरच्या दुकानातली ती रंगीत बादली घ्या. तिच्यावरही २ असेल. पण रंग कुठला घातलाय, बादली साच्यातून सुटावी म्हणून आत काय लावलंय, ते अन्नाला चालणारं आहे असं कोणी कबूल केलंय का? केलं असेल तर बादलीवर किंवा लेबलवर तसं लिहिलेलं असतं, नाहीतर पेला आणि काट्याचं चित्र असतं. ते नसेल तर ती बादली फरशी पुसायला.

आणि नुसतं फूड ग्रेड असूनही भागत नाही, या खड्ड्यात मी स्वतः पडलेय. दुसऱ्या वर्षी एका बर्गरवाल्याकडून काकडीच्या लोणच्याची बादली आणली. शंभर टक्के फूड ग्रेड. तीनदा धुतली, उन्हात वाळवली. दिवसभर चुलीपाशी बसून रस आटवला, पहिला चमचा तोंडात घातला आणि... लसूण! नवरा म्हणाला, ‘बरं झालं, पोळीबरोबर वेगळं लोणचं नको.’ म्हणजे फूड ग्रेड असूनही आधी आत काय होतं हे उरतंच. वास रसात उतरतो, आणि आपण चाळीस लिटरचं एक लिटर करत बसतो.

म्हणून माझी परीक्षा अशी: बादलीत कडक गरम पाणी ओता, झाकण लावा, अर्ध्या तासाने उघडून नाक आत घाला. वास आला की बाद. आधी रंग किंवा साबण होता अशी बादली तर परीक्षेलाही बसवू नका.

एकाने विचारलंय, दुधाचे रिकामे कॅन? चालतात, पण दुधाचा ओशटपणा कोपऱ्यांतून जाता जात नाही. शिवाय आमच्याकडे ऑन्टॅरिओत बरंचसं दूध पिशवीतून येतं, अगदी आपल्यासारखं! पिण्याच्या पाण्याचे चार लिटरचे कॅन बरे. फक्त रोज रिकामे करा. रस दुधासारखाच नासतो, उन्हात तर लगेच गढूळ होतो.

आणि कचऱ्याच्या डब्यात काळी पिशवी घालून रस साठवणारे... पिशवी कचऱ्याची आहे! वर सुगंधी! जाऊ दे.

जुन्या बाजारात पत्र्याच्या देखण्या बादल्या मिळतात, जस्ताचा मुलामा असलेल्या. मोह होतो. पण जुन्यांच्या सांध्याला जो डाख दिलेला असतो, त्यात शिसं असू शकतं. रस त्यात पडून आंबला की शिसं जास्त उतरतं, आणि आटवलं म्हणून ते वाफेबरोबर उडून जात नाही. पुन्हा तेच चाळीस: चाळीस लिटरातलं शिसं एका लिटरात! त्यात फुलझाडं लावा, छान दिसतात.

दापोलीहून एका काकांनी लिहिलंय, ‘नीरेसारखं मडकं बांध की, आतून चुना लावून.’ काका, तिथे उकाड्यात नीरा आंबू नये म्हणून चुना. इथे ते काम थंडीच करते. आणि ओलं मडकं उणे दहात एका रात्रीत तडकेल. काचेच्या बरणीचंही तेच, रस गोठला की फुगतो.

शेवटचा प्रश्न: स्टीलची कळशी? अहो, उत्तम! गंजत नाही, वास धरत नाही. आईने दिलेली कळशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या झाडाखाली ठेवलीये, नळी आत सोडून, वर ताटली, ताटलीवर दगड. परवा शेजारच्या गोऱ्या आजी कुंपणापाशी आल्या, कळशीकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘घरातलं कोणी गेलं का गं? अस्थी ठेवल्यास?’