दुबईची लँड क्रूझर परभणीत कामून येत नाही?

हां, चालू झालं का? झालं. तर राम राम मंडळी, वारं लै सुटलंय आज, आवाज कमी-जास्त झाला तर सांभाळून घ्या.

मागं ही पांढरी गाडी दिसायलीय ना, ती आमच्या दाजींची हाय, तिच्याकडं शेवटी येऊ. आधी तो प्रश्न, जो मला मोंढ्यापासून ते लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळे विचारायलेत, की आमचं पोरगं दुबईला हाय, तिथं लोक दोन-तीन वर्षं वापरून लँड क्रूझर काढून टाकतात म्हणे, आपण एक आणली तर?

नाही येत. पहिली गोष्ट म्हणजे दुबईत स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं, अन् भारतात जुनी गाडी आणायची तर उजव्या स्टिअरिंगचीच लागते. इथंच निम्मे लोक आऊट. दुसरं, गाडी तयार होऊन तीन वर्षांच्या वर झालेली नको. बंदर फक्त मुंबईचं चालतं. स्पीडोमीटर किलोमीटरमधला पाहिजे, हेडलाईट आपल्या डाव्या बाजूच्या ट्रॅफिकला चालणारे पाहिजेत, पुढं पाच वर्षं गाडी रोडवर चालण्यासारखी हाय असा दाखला पाहिजे, अन् वर टेस्टिंग, ते पुण्याच्या एआरएआयला नाहीतर आपल्या शेजारी नगरला व्हीआरडीईत, या गाड्या तपासणाऱ्या संस्था. हे सगळं जमवलं तरी अजून पैशाचं बोललोच नाही आपण.

गाडी 10 लाखाची धरा, जहाजाचं भाडं-विमा पकडून. जुन्या गाडीवर कित्येक वर्षं 125 टक्के कस्टम ड्यूटी होती. 2025 च्या बजेटात ती 70 वर आणली, बातम्या झाल्या, लोकांनी पेढे वाटायचंच ठेवलं होतं. पण खालची ओळ कोणी वाचली नाही, त्याच्यावर 67.5 टक्के सेस बसवला. बेरीज 137.5. अन् आधीचे 125 अधिक त्याच्यावरचा सरचार्ज, ती बेरीज किती? 137.5च! अन् सेस कशाचा माहितीय का, शेतीच्या पायाभूत सुविधांचा. आमच्या सोयाबीनला भाव नाही अन् जपानच्या टोयोटाला शेतीचा सेस, घ्या.

तर 10 चे झाले 23 लाख 75 हजार. त्याच्यावर मोठ्या गाडीला 40 टक्के जीएसटी, म्हणजे अजून साडेनऊ लाख. 33 लाख 25 हजार. रोड टॅक्स वेगळा अन् मुंबईहून परभणीला यायचं डिझेल वेगळं.

याच्यामुळंच लोक आडवाटेनं जातात. सप्टेंबर 2025 ला कोचीच्या कस्टमनं ऑपरेशन नुमखोर केलं, नुमखोर म्हणजे भूतानच्या भाषेत गाडी. भूतानमधून जुन्या भारी एसयूव्ही आणल्या, बनावट कागदं करून इकडं पासिंग केलं, असा आरोप हाय, केरळात धाडी पडल्या, गाड्या उचलल्या. कोर्टात काय व्हायचं ते होईल, पण ज्याच्या दारातनं गाडी उचलून नेली त्याचं तोंड आठवा अन् मग स्वस्त गाडीचा विचार करा. आता आपल्याकडं गाडीची हौस कमी हाय असं नाही हां, 2010 ला संभाजीनगरवाल्यांनी, तेव्हाचं औरंगाबाद, एका झटक्यात 150 मर्सिडीज घेतल्या होत्या. पण त्या नव्या, शोरूमच्या, बँकेच्या लोनवर.

बरं मग जगातल्या जुन्या गाड्या जातात कुठं? याचा सगळा खेळ जपानमधून समजतो. तिथं शाकेन नावाची तपासणी असते, नव्या गाडीला पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी, अन् खर्च एवढा येतो की तपासणी जवळ आली की बरेच जण गाडीच काढून टाकतात. तेरा वर्षं झाली की टॅक्स पण वाढतो. आपल्याकडं आठ वर्षांची बोलेरो म्हणजे आत्ता कुठं हाताला बसलेली गाडी!

ती गाडी मग लिलावात जाते, आपल्या मोंढ्यातल्या सौद्यासारखंच, पण एक गोष्ट तिथली मला लै आवडली. प्रत्येक गाडीसोबत एक कागद असतो, ऑक्शन शीट. त्याच्यावर गाडीचं चित्र, खोकं उलगडून पसरल्यावर दिसतं तसं, अन् जागोजाग खुणा. ए1 म्हणजे बारीक ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे इथं पत्रा काम झालंय, डबल एक्स म्हणजे हा दरवाजा किंवा बोनेट बदललेलं हाय. वर कोपऱ्यात ग्रेड, साडेचार म्हणजे चांगली, अन् आर लिहिलेलं असलं की समजायचं ठोकून दुरुस्त केलेली. लिलाववाल्यांचा तपासनीसच लिहून देतो! आपल्याकडं विकणारा काय म्हणतो, "डॉक्टरची गाडी हाय साहेब, घर ते दवाखाना, बस." मराठवाड्यात जेवढ्या डॉक्टरच्या गाड्या विकल्यात ना, तेवढे डॉक्टर असते तर निम्मे आजार गेले असते.

तर या लिलावात गिऱ्हाईक कोण, तर प्रत्येक देशाचा वयाचा नियम वेगळा. लंकेला गाडी तीन वर्षांच्या आतली लागते, बांगलादेशला पाच, केनियाला आठ. अमेरिकेत उलटं, 25 वर्षं झाली की तिथल्या सेफ्टीच्या नियमातनं सुटका, म्हणून तिकडचे शेतकरी जपानची 660 सीसीची छोटी जुनी ट्रक मागवतात. म्हणजे गाडी एकच, लंकेसाठी म्हातारी, केनियासाठी तरणी, अन् अमेरिकेसाठी अजून पाळण्यात.

अन् या नियमांची कुठं एक खुंटी हलली की सगळा बाजार हलतो. येनचं बघा, 2012 च्या आसपास एका डॉलरला 80 येन मिळायचे, 2024 च्या जुलैत 160 च्या वर गेले, म्हणजे डॉलरवाल्याला तीच गाडी निम्म्यात. रशिया लै मोठं गिऱ्हाईक होतं, पण ऑगस्ट 2023 मध्ये जपाननं 1900 सीसीच्या वरच्या अन् सगळ्या हायब्रीड-इलेक्ट्रिक गाड्या तिकडं पाठवायला बंदी घातली. लंकेनं तर मार्च 2020 ला आयातच बंद केली होती, डॉलरच शिल्लक नव्हते, अन् त्या पाच वर्षांत तिथं उलटं गणित झालं, वापरलेली गाडी घेतल्या भावापेक्षा जास्तीत विकायली. 1 फेब्रुवारी 2025 ला घरगुती गाड्यांना परत दार उघडलं अन् हंबनटोटा बंदरात गाड्यांची जहाजं लागायली.

पण सगळ्यात भारी डोकं चीनवाल्यांचं. तिथं कंपन्यांची भावावरनं मारामारी, डीलरकडं नव्या गाड्या पडून. मग त्यांनी केलं काय, गाडीचं पासिंग करून टाकायचं, विकली म्हणून आकडा दाखवायचा, अन् तीच गाडी सेकंड हँड म्हणून रशिया, मध्य आशिया, दुबईकडं रवाना. सीटचं प्लास्टिक पण काढलेलं नाही, मीटर शून्यावर, कागदावर जुनी. झिरो किलोमीटर जुनी गाडी! मे 2025 ला ग्रेट वॉल कंपनीच्या चेअरमननं स्वतः हे चव्हाट्यावर मांडलं. मग सरकारनं 2026 पासून नियम लावला, पासिंगला 180 दिवस झाले नसतील तर पुढं सर्व्हिस मिळेल असं कंपनीचं पत्र दाखवा.

आता म्हणाल याचं आपल्याला काय. तर आपली इम्पोर्ट गाडी म्हणजे दिल्लीची गाडी, मंडळी. दिल्लीत डिझेलला 10 वर्षं, पेट्रोलला 15, हे एनजीटीनं, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टानं, 2014-15 मध्ये धरलं, सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये कायम केलं, अन् 2025 मध्ये त्यात थोडी ढील दिली. ढील मिळायच्या आधी तिथं डिझेल गाडी आठ-नऊ वर्षांची झाली की मालकाला झोप यायची नाही, अन् आपल्याकडं तीच गाडी 15 वर्षांपर्यंत बिनधास्त. म्हणून अख्ख्या मराठवाड्यात डीएल पासिंग दिसायलंय. अठ्ठावीस नंबर फॉर्मवर एनओसी, म्हणजे तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला आणायचा, इथला टॅक्स भरायचा, परभणीचा एमएच 22 नंबर करून घ्यायचा. एनओसी हातात नसताना पैसे देऊ नका एवढं सांगतो, बाकी प्रोसेसचा वेगळा व्हिडिओ करू.

फक्त ते ऑक्शन शीट आपल्याला कोणी देत नाही, ते आपणच काढायचं. या इकडं, कॅमेरा आत घे. ही दाजींची, 2016 ची डिझेल, मीटरला 68 हजार. हा क्लचचा रबर बघा, पार गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा. 68 हजाराला एवढा झिजत नाही. आता हा सीटबेल्ट, पार शेवटपर्यंत ओढायचा, अजून, अजून ओढ, हां, हे बुडाला शिवलेलं लेबल दिसलं का, त्याच्यावर तारीख असते. काय लिहिलंय? जुलै 2016. बरोबर. आता शेजारच्या सीटचा ओढ.

2019.

पुढचा पट्टा एका बाजूचाच नवा कामून बसवला असंल, दाजी? जोराचा ठोका बसला की पट्टा लॉक होऊन जातो, मग बदलावाच लागतो. तुम्हाला घेताना काय सांगितलं होतं?

"डॉक्टरची गाडी हाय म्हणले."

बरं.

"अन् ऐक, हे टाकू नको व्हिडिओत. दिवाळीला विकायचीय मला ती."