असू द्या बाई

(तालुक्याच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

समोर बघतेय तर निम्मे शिक्षक, पाच-सहा अंगणवाडीताई, आणि मागच्या रांगांत नातवंडं सांभाळणारी आजी-आजोबा मंडळी. म्हणजे ऊसतोडीतला कोयता म्हणजे काय, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल कशी घेतात, फडाजवळच्या कोणत्या झोपडीला कोपी म्हणतात, हे मला इथं सांगावं लागणार नाही. तो वेळ मला एका मुलीसाठी हवाय.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘अस्थिर घरांतली मुलं ताण कसा पेलतात’. संयोजकांना मी तीन मुद्दे कळवले होते: मुलं काय करतात, त्याची किंमत काय मोजतात, आणि आपण मोठ्यांनी काय करायचं. तिन्ही सांगणार आहे. पण जिल्हा परिषदेच्या शाळांत 31 वर्षं शिकवून माझं एक मत झालंय, ते आधी मांडते. जे मूल वर्गात मारामारी करतं, दप्तर फेकतं, त्याच्याकडे कुणाचं तरी लक्ष जातं. निदान ओरडायला म्हणून का होईना, कुणीतरी जवळ जातं. जे मूल कसलाच त्रास देत नाही, त्याला आपण ‘किती शहाणं लेकरू’ म्हणतो आणि पुढच्या बाकाकडे वळतो. मला त्या शहाण्या लेकराची जास्त काळजी वाटते.

ती पाचवीत होती. नाव सांगत नाही. आम्ही सगळे शिक्षक तिला ‘आजीबाई’ म्हणायचो, अगदी प्रेमानं. सकाळी यायची तेव्हा कडेवर अडीच वर्षांचा भाऊ. त्याला दाराशी पोत्यावर बसवायचा, हातात खडूचा तुकडा द्यायचा, आणि स्वतः दाराजवळच्याच बाकावर बसायचं. ती जागा तिनं कधी सोडली नाही. खिचडी आली की आधी भावाला भरवणार, मग स्वतः चार घास खाणार, उरलेली डब्यात भरून आजीला नेणार. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही असायची आणि ती वडिलांच्या अक्षरापेक्षा वळणदार असायची. मी ओळखलं होतं, बोलले नाही.

आणि तिचे कान! रस्त्यावरून गाडी गेली की वर न बघता सांगायची, ‘मुकादमाची.’ ‘दूधवाल्याची.’ आमच्या हेडसरांची फटफटी तर ती ओढ्यापलीकडे असतानाच ओळखायची. ती नुसती मान ताठ करायची, की अख्खा वर्ग एका सुरात सतराचा पाढा म्हणायला लागायचा. हेडसर दारात येऊन म्हणायचे, ‘वा, वा, काय वर्ग आहे!’ (हशा) हसा, आम्हीही हसायचो. ती हुशारी तिला कुठून आली हा प्रश्न मला वर्षभर पडला नाही.

पावसाळ्यातली गोष्ट. पोषण आहाराचा तांदूळ निवडत आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. मी सहज विचारलं, ‘तुला गाड्या इतक्या कशा गं ओळखू येतात?’ खडा बाजूला टाकत म्हणाली, ‘गाडी तर सोपी असती बाई. कडी अवघड.’ कसली कडी? ‘दाराची. दादा आले की कडी वाजती.’ वडिलांना ती दादा म्हणायची. ‘एकदा वाजली तर जेवायला वाढायचं. दोनदा-तीनदा वाजली तर हात नीट लागत नाही, म्हणजे पिऊन आलेत. मग मी बारक्याला उचलते अन् मागच्या दारानं चुलतीकडं जाते. आई म्हणती तू जा.’ हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. सूपातले खडे निवडणं चालूच होतं. मी म्हणाले, ‘अगं, मला सांगायचंस.’ ती म्हणाली, ‘असू द्या बाई.’

दिवाळी झाली की तिचे आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे, ते गुढीपाडव्याच्या आसपास परतायचे. त्या वर्षी आमच्या गावात हंगामी वसतिगृह नव्हतं, म्हणून पोरं अधू डोळ्यांच्या आजीपाशी. म्हणजे वर्षातले सहा महिने आई-बाप नसण्याचा ताण आणि उरलेले सहा महिने बाप असण्याचा. त्या बापाला मी राक्षस म्हणणार नाही. उचल फिटत नाही, पुढच्या हंगामाची उचल मागची फेडण्यात जाते, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, गावात हाताला काम नाही. हे सगळं खरं आहे. पण कडीचा आवाज ऐकणाऱ्या पोरीला उचलीचं गणित ठाऊक असून उपयोग काय? तिला तेही येत होतं म्हणा. टनाचा दर सांगा, खाडे सांगा, किती फिटली ते ती तोंडी सांगायची.

26 जानेवारीला आम्ही तिला ‘आदर्श विद्यार्थिनी’ म्हणून कंपासपेटी दिली. माझ्या हातानं दिली. ते मला आजही खुपतं. आमच्या लेखी तो गौरव होता. तिला त्यातून काय समजलं असेल? असंच चालू ठेव. रडू नकोस, मागू नकोस, आम्हाला तू अशीच आवडतेस.

आता दप्तराची गोष्ट. तिच्या दप्तराचा बंद उसवला होता. मी म्हणाले, ‘उद्या सुई-दोरा आणते, मधल्या सुट्टीत शिवून देते.’ आणि त्याच संध्याकाळी प्रशिक्षणाचा आदेश आला. चार दिवस जिल्ह्याला. पाचव्या दिवशी मी सुई-दोरा घेऊन गेले, तर बंद सुतळीनं बांधलेला. मोळी बांधतात तसा, करकचून, वर दुहेरी गाठ. मी म्हणाले, ‘सोड ती सुतळी, आता शिवू.’ ‘असू द्या बाई. मी बांधलंय.’ माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर दोन आठवडे तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. वही वेळेवर, पाठांतर चोख, भाऊ पोत्यावर. बाकी शिक्षकांना काहीच बदललेलं दिसलं नाही.

तेव्हा मला कळलं, की ‘असू द्या’ म्हणजे समाधान नव्हे. ज्या मुलाला मोठ्यांचा शब्द धरून ठेवता येत नाही, ते तो शब्द मागायचंच सोडून देतं. मागितलं नाही की मोडत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात सेथ पोलक यांनी एक प्रयोग केला, 2002 साली प्रसिद्ध झाला. मुलांना माणसांचे अस्पष्ट चेहरे दाखवायचे आणि हळूहळू स्पष्ट करत न्यायचे. ज्या मुलांनी घरात मार खाल्ला होता, त्यांनी रागावलेला चेहरा इतर मुलांच्या आधी ओळखला. चित्र पुरतं दिसायच्याही आधी. वाचताना मला आमच्या ओट्यावरचा तांदूळ आठवला. आजीबाईचे कान हेच करत होते. याला बिघाड म्हणू नका. त्या घरात तगून राहायला तीच अक्कल लागते. फक्त ती अक्कल वर्गातही चालूच राहते. दारावर कान लावून बसलेल्या मुलाच्या डोक्यात अपूर्णांक शिरणार कसे? शरीर सतत सावध राहतं, झोप तुटक होते, आणि वरचेवर पोट दुखतं.

आणि हे फक्त ऊसतोड कामगारांचं दुखणं आहे असं समजून कुणी निवांत बसू नये. इथं शहरात तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, दोघेही पगारदार, एकमेकांशी बोलत नाहीत. ‘बाबांना सांग, जेवायला बसा.’ ‘आईला सांग, मला भूक नाही.’ मध्ये सात वर्षांचं पोर ये-जा करतंय. असा एक मुलगा माझ्या बहिणीच्या शेजारी होता. तो निरोप पोचवताना बदलायचा. बाप म्हणायचा, ‘सांग तिला, तुझं तू खा.’ हा आत जाऊन सांगायचा, ‘बाबा म्हणाले, तू जेवून घे, तुला उशीर होईल.’ त्या घरात जे काही गोड बोललं जायचं, ते एकट्या त्या मुलानं रचलेलं असायचं. सगळी सोसायटी म्हणायची, किती समंजस आहे!

हे आपलं कौतुक आता बंद करायला हवं, असं माझं कळकळीचं म्हणणं आहे. ‘कळतं पोर’, ‘घर सांभाळते हो’, ‘आईचा आधार आहे’. हे शब्द आपण दहा वर्षांच्या मुलांना बक्षिसासारखे वाटतो. आणि दुसरीकडे त्याच मुलांसमोर भांडताना म्हणतो, ‘लहान आहे, त्याला काय कळतंय!’

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. म्हणजे आता मूळ विषय. (हशा)

मुलं काय करतात? काही आजीबाईसारखी घर अंगावर घेतात. काही वांड होतात. घरातलं भांडण थांबवायचा त्यांच्याकडे एकच उपाय असतो, सगळ्यांचा राग स्वतःवर ओढून घ्यायचा. काही गप्प होतात, हजेरीला ‘हजर’ म्हणतात तेवढाच आवाज. एकाच घरातली तीन भावंडं तीन वाटांनी जातात, तेव्हा ‘बघ तुझी बहीण कशी शहाणी आहे’ असं म्हणू नका. सगळीच त्याच कडीचा आवाज ऐकून मोठी झालेली असतात.

किंमत? 1998 साली अमेरिकेतल्या सान दिएगोमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 9,500 हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं. मारहाण, हेळसांड, घरातलं व्यसन असे अनुभव जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकाराचाही धोका जास्त. पण धोका म्हणजे नशीब नव्हे. आणि इथं मला उसाचीच दुसरी गोष्ट सांगायचीय. हवाईतलं काउआई बेट, तिथंही उसाचे मळे आणि मळ्यांवरची मजूर कुटुंबं. 1955 साली त्या बेटावर जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. साधारण तिसरा हिस्सा मुलं गरिबी, भांडणं, दारू, आजारपण अशा घरांतली. त्यांतल्याही दर तिघांपैकी एक मूल धडधाकट मनाचं, माया करणारं माणूस झालं. त्यांच्या आयुष्यात काय सापडलं? निदान एक भरवशाचं मोठं माणूस. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक. आणि ज्यांचं पौगंडावस्थेत बिनसलं होतं, त्यांच्यातलेही बरेच तिशी-चाळिशीत सावरले. उशीर झाला म्हणून हात सोडू नका म्हणते, ते याचसाठी.

आपण काय करायचं? पटापट सांगते. जमेल तेवढाच शब्द द्या. मोडावा लागला तर मुलाला आधी सांगून मोडा. मी प्रशिक्षणाला निघताना एक निरोप ठेवला असता तर पुरे होतं. ‘तू आईकडे की बाबांकडे?’ हा प्रश्न मुलाला विचारू नका. मोठ्या बहिणीच्या कडेवरचं मूल एकदम हिसकावून घेऊ नका, तिला ती शिक्षा वाटते. आधी अर्धा तास घ्या. मारहाण होत असेल तर मुलांसाठीची फोन हेल्पलाइन 1098, दहा-नऊ-आठ. 1996 साली मुंबईत सुरू झालेला हा नंबर पोरांनाही पाठ होतो, तो फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा. अडचणीतल्या मुलांबाबत निर्णय घेणारी बालकल्याण समिती आणि अशा मुलांच्या सांभाळासाठी मदत देणारी बालसंगोपन योजना यांचे कागद शिक्षकांनीच पुढाकार घेऊन करावेत. त्या आजीकडून ते होणार नाहीत.

शेवटचं. सुतळीच्या प्रकारानंतर मी रोज मधल्या सुट्टीत ओट्यावर दहा मिनिटं बसायला लागले. तिला बोलावलं नाही. नुसतं बसायचं, त्याच वेळेला, सुई-दोरा घेऊन कुणाचं बटण, कुणाची गुंडी लावत. तीन आठवडे ती आली नाही. मग भाऊ आला, त्याच्यामागे ती. एके दिवशी हेडसरांनी मला कामात अडकवलं आणि मला यायला उशीर झाला. बघते तर ओट्यावर फुरंगटून बसलेली. म्हणाली, ‘किती उशीर बाई! मी कवाची बसलीये.’ पोरगी दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर चिडली होती. आणि मांडीवर दप्तर होतं, बंदाची सुतळी सोडलेली.

वेळ संपलाय, प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत असं अध्यक्ष म्हणतायत. मी बाहेर पायरीवर बसते आहे. माझी एसटी साडेनऊची आहे, तोवर तिथंच आहे.