लाल त्रिकोण आणि पाण्याची बशी

(पांढऱ्या पडद्यावर मधोमध एक लाल त्रिकोण. संगीत नाही.)

या त्रिकोणाकडे बघत राहा. नजर हलवू नका. वीस सेकंद मी गप्प राहतो.

(वीस सेकंद शांतता. त्रिकोण नाहीसा होतो. पडदा कोरा.)

दिसतोय? कोऱ्या पडद्यावर तोच त्रिकोण, पण आता निळसर हिरवा, कडांना थरथरणारा. यात गूढ काही नाही. लाल रंग टिपणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी दमल्या, म्हणून पांढऱ्यातला लाल वजा होऊन उरलेला रंग दिसला. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनमधली काही शिकली-सवरलेली माणसं अशीच चित्रं समोर धरून बसायची, हा उमटलेला त्रिकोण म्हणजे दार आहे असं मानायची आणि मनाने त्यातून पलीकडे जायची.

लाल त्रिकोण म्हणजे तेज. पिवळा चौकोन पृथ्वी, रुपेरी चंद्रकोर आप, निळं वर्तुळ वायू आणि काळपट जांभळा अंडाकार आकाश. नावं आपल्या ओळखीची आहेत, कारण हा ऐवज गेला इथूनच. राम प्रसाद नावाच्या लेखकाने १८९० मध्ये स्वरोदयाच्या, म्हणजे नाकपुडीतल्या श्वासाच्या शास्त्राच्या, परंपरेतली पंचतत्त्वं इंग्रजीत मांडली, आणि १८८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गुप्त मंडळाने ती थेट आपल्या अभ्यासक्रमात घेतली.

हे मंडळ करायचं ते सेरेमोनियल मॅजिक. मराठीत याला चपखल शब्द नाही. ‘जादूटोणा’ म्हटलं की लिंबू-मिरची आठवते आणि ‘जादूचे प्रयोग’ म्हटलं की टोपीतला ससा. ‘अनुष्ठान’ हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द. ठरलेली वेळ, ठरलेला वेश, धूप, हातात दंड किंवा खंजीर, आणि अक्षरही न चुकता म्हणायची नावं.

(एक माणूस पूर्वेकडे तोंड करून उभा. चेहरा अंधारात.)

त्यातला रोजचा विधी जवळून बघू. साधक पूर्वेकडे तोंड करतो. कपाळ, छाती, उजवा खांदा, डावा खांदा यांना स्पर्श करत हिब्रू शब्द उच्चारतो. मग हवेत पंचकोनी तारा काढतो आणि त्यात एक देवनाम घुमवतो. घुमवतो म्हणजे अक्षरशः घुमवतो. छातीचा पिंजरा कंप पावेपर्यंत स्वर लांबवायचा. तसंच दक्षिणेला, पश्चिमेला, उत्तरेला. शेवटी मधोमध उभं राहून चार देवदूतांना चार दिशांना उभं करायचं. पुढे राफाएल, मागे गाब्रिएल, उजवीकडे मायकेल, डावीकडे ऊरिएल. आता जागा बंद झाली. बाहेरचं बाहेर, आतलं आत.

ज्याने कधी न्यास होताना पाहिला आहे त्याला हे परकं वाटणार नाही. मंत्र म्हणत अवयवांना स्पर्श करायचा, मग ‘अस्त्राय फट्’ म्हणत चुटक्या वाजवून दिशा बांधायच्या. तो दिग्बंध. दोन्हीकडे आधी शरीर पवित्र करतात, मग जागा. यावरून कुणी कुणाचं उचललं अशी घाईची अनुमानं काढली जातात, ती मला पटत नाहीत. देहाला चार-पाच ठिकाणी हात लावणं आणि चार दिशांना वळणं ही कल्पना सुचायला माणसाला शरीर असलं की पुरे.

खरी उणीव वेगळीच होती. विधीत हात गुंतलेले, तोंड गुंतलेलं, डोळे गुंतलेले. मन मात्र मोकळं. देवदूत डोळ्यांपुढे उभा करायचा आणि तो दहा सेकंदांत विरून जायचा. मन एका जागी बांधायचं कसं, याचं पद्धतशीर शिक्षण त्या मंडळाकडे तोकडंच होतं. पतंजलींकडे त्यासाठी व्याख्याच होती. देशबन्धश्चित्तस्य धारणा. चित्त एका जागी बांधणं म्हणजे धारणा. आणि १८९६ पासून विवेकानंदांचं ‘राजयोग’ इंग्रजीत उपलब्ध होतं.

(तळं. पाण्यावर धुकं.)

१९०१. सिलोनमधलं कँडी. तळं दिसेल अशा टेकडीवरच्या बंगल्यात दोन इंग्रज राहतात. अ‍ॅलन बेनेट, वय अठ्ठावीस, शिक्षणाने रसायनशास्त्राकडचा, दम्याने पोखरलेला. लंडनच्या हवेत तो जगला नसता, म्हणून इकडे आला. सिलोनचे सॉलिसिटर जनरल पी. रामनाथन हे शैव तमिळ गृहस्थ, त्यांच्या मुलांना शिकवत असताना त्यांच्याकडूनच तो योग शिकला. दुसरा अ‍ॅलिस्टर क्रॉली. श्रीमंत घरचा, गिर्यारोहक, कवी, आणि स्वतःविषयी बोलायला कधीच न थकणारा. दोघं गोल्डन डॉनचे. लंडनमध्ये बेनेट क्रॉलीचा गुरू होता. इथेही तोच शिकवत होता, फक्त दंड आणि खंजीर आता पेटीत होते. आसन, प्राणायाम, मंत्र, धारणा. सकाळ-संध्याकाळ तेवढंच.

या मुक्कामातला एक प्रसंग क्रॉलीने लिहून ठेवला आहे. बेनेट खोलीत ध्यानाला बसला होता. क्रॉली डोकावला तर तो चटईवर नाही. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, पायांची गाठ तशीच, डोकं आणि खांदा जमिनीला टेकलेला, उलथलेल्या मूर्तीसारखा. क्रॉलीचा निष्कर्ष असा की प्राणायामाने हलकं झालेलं शरीर उडून पडलं. साक्षीदार एकटा क्रॉली. त्याचा तिखटमीठ लावण्याचा स्वभाव पाहता मी एवढंच धरतो की एक आजारी माणूस आसनात असताना कलंडला होता.

वाटा फुटल्या त्या इथून. बेनेट ब्रह्मदेशात गेला आणि १९०२ मध्ये उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, घेऊन भिक्खू आनंद मेत्तेय्य झाला. जादू त्याने सोडली. क्रॉली त्याच वर्षी के-टू चढायला गेला आणि शिखर न गाठता परतला. पण योग त्याने सोडला नाही. १९०७ मध्ये स्वतःची संस्था काढली आणि तिच्यात विधी आणि योग एकाच शिस्तीत बसवले.

(टेबलावर चिनीमातीची बशी. काठोकाठ पाणी. कॅमेरा जवळ जातो.)

१९०९ मध्ये छापलेल्या त्याच्या सूचनांमधली आसनाची परीक्षा बघा. पाण्याने काठोकाठ भरलेली बशी डोक्यावर ठेवायची. तासभर बसायचं. एक थेंब सांडला नाही आणि कुठलाही स्नायू थरथरला नाही, तर परीक्षेला या. पतंजलींनी ‘स्थिरसुखमासनम्’ एवढ्यावर भागवलं होतं. याने त्या स्थिरतेला माप लावलं. ‘सुख’ त्या बशीखाली कितपत उरतं हा प्रश्न आहेच.

धारणेचंही तेच. तीच पाच तत्त्वचित्रं घ्यायची, तोच लाल त्रिकोण, पण मनात. किती वेळ टिकला आणि मध्ये किती वेळा तुटला, हे वहीत लिहायचं. मोजायला बसलं की लक्षात येतं, आपण ज्याला एकाग्रता म्हणत होतो तिची चाळण झालेली असते. क्रॉलीचं आयुष्य कुणाला किळसवाणं वाटेल, आणि त्याला कारणंही आहेत. बोलताना ‘मी’ शब्द निघाला की वस्तऱ्याने हातावर चरा मारायचा, हाही अभ्यास त्याने शिष्यांना दिला होता. त्याला साधना म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण वहीची सवय सोन्यासारखी आहे. आजही हे दोन मार्ग जोडणारे लोक बहुधा तसंच चालतात. आधी दिशा बांधायच्या, मग आसन, मग ध्यान, मग वही.

१९३८ मध्ये क्रॉलीचा एकेकाळचा सचिव इझ्रायल रेगार्डी याने मांडलेला ‘मधला स्तंभ’ हा अभ्यास तर पाहताक्षणी चक्रांचीच नक्कल वाटतो. श्वास, प्रकाशाची कल्पना, शरीरातली पाच केंद्रं, प्रत्येकावर एक नाम. फरक दिशेत आहे. कुंडलिनी खालून वर चढते. इथे प्रकाश डोक्यावरून कंठ, हृदय, जननेंद्रिय करत तळपायापर्यंत उतरवायचा. योग्याला वर निघून जायचं असतं. जादूगाराला वरचं काहीतरी खाली आणून इथे वापरायचं असतं.

आणि हे भांडण जुनं आहे. सिद्धी जन्माने, औषधींनी, मंत्राने, तपाने आणि समाधीने मिळतात असं योगसूत्रंच सांगतात. मंत्र आणि समाधी एकाच ओळीत. पण त्याआधीच बजावलेलंही आहे: ‘ते समाधावुपसर्गा व्युत्थाने सिद्धयः’. जगात वावरताना ज्या सिद्धी, त्याच समाधीच्या वाटेवर अडथळे. क्रॉलीला पहिली ओळ उपयोगी पडली. बेनेटने दुसरी मानली.

(जुन्या लंडनचं बंदर. माणसांची गर्दी.)

१९०८ मध्ये बेनेट भिक्खूंच्या काषाय वस्त्रात लंडनला परतला, बौद्ध धर्माचा प्रचारक म्हणून. पुढे प्रकृतीने चीवर सोडायला लावलं. १९२३ मध्ये तो गेला.

कँडीच्या त्या खोलीत काय झालं, याबद्दल क्रॉली पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. लंडनला आलेल्या भिक्खूला मात्र विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, एक नियम लागू होता: ध्यानात अलौकिक असं काही खरोखर साधलं असलं, तरी दीक्षा न घेतलेल्या माणसाला ते सांगायचं नाही.

(बशीतलं पाणी. हालचाल नाही.)