पिवळ्या मातीवर उभी राहिलेली संस्कृती

नमस्कार, श्रोतेहो. प्राचीन चिनी संस्कृतीचा विषय निघाला की ह्वांग हो नदीचे नाव सर्वप्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या नदीला तिचा पिवळा रंग देणाऱ्या मातीकडे आधी पाहिले, तर त्या संस्कृतीची जडणघडण अधिक नीट उलगडते, असे मला वाटते.

आपल्या दख्खनची काळी माती तिच्याखालच्याच बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. उत्तर चीनची लोएस नावाची पिवळी माती मात्र वाऱ्याने आणलेली आहे. गोबी आणि त्याच्या आसपासच्या रखरखीत प्रदेशांतली बारीक धूळ वीस लाखांहून अधिक वर्षे वाऱ्याबरोबर येऊन साचत गेली, आणि काही ठिकाणी तिच्या थरांची जाडी शंभर मीटरच्याही वर गेली. ही माती इतकी भुसभुशीत की दगडी आणि लाकडी अवजारांनीही ती सहज उकरता येत असे. पाऊस बेताचा असल्याने तिथल्या शेतकऱ्यांनी कमी पाण्यावर येणारी राळा आणि वरी ही धान्ये जोपासली. शीआनजवळ बान्पो येथे सापडलेल्या साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत भोवतीचा खंदक आणि धान्य साठवण्याची पेवे आजही पाहता येतात.

हीच माती थरावर थर टाकून चोपली की भिंतीसारखी घट्ट होते. इ.स.पू. १५०० च्या सुमारास शांग राजवटीतल्या लोकांनी आजच्या झेंगझोऊ येथे अशा चोपलेल्या मातीचा सुमारे ७ किलोमीटर घेराचा तट उभारला, आणि त्याचे काही भाग अजून उभे आहेत. एवढी माती वाहून आणून चोपायला किती माणसे राबली असतील आणि त्यांना एकत्र आणणारी सत्ता किती बळकट असेल, याची कल्पना त्या तटावरून येते.

परंतु जी माती सहज उकरता येते, ती पावसात सहज वाहूनही जाते. लोएसच्या पठारावरून ह्वांग हो अपार गाळ घेऊन मैदानात उतरते. तिथे उतार संपल्याने प्रवाह मंदावतो, गाळ तळाशी बसतो आणि पात्र वर येऊ लागते. लोकांनी बांध उंच करायचे आणि नदीने पात्र आणखी वर उचलायचे, असे शतकानुशतके चालत राहिले. कायफेंगजवळ तर नदीचा तळच शहरापेक्षा कित्येक मीटर उंच आहे. असा बांध फुटला की नदी सगळा मार्गच बदलते. १८५५ मध्ये शानतुंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेला समुद्राला मिळणारी ही नदी त्याच्या उत्तरेला जाऊन मिळू लागली.

म्हणूनच चिनी परंपरेतला आदर्श राजा यू हा पूर आवरणारा पुरुष आहे. त्याच्या वडिलांनी पाणी अडवायचा प्रयत्न केला आणि ते अपयशी ठरले. यूने वाटा मोकळ्या करून पाणी समुद्राकडे नेले, आणि या कामात तो तीनदा स्वतःच्या दारावरून गेला तरी घरात शिरला नाही, अशी कथा आहे. पुढे इ.स.पू. ६५१ मध्ये क्वेइछ्यू येथे जमलेल्या राज्यांनी केलेल्या करारात, शेजाऱ्याला अपाय होईल असे वाकडे बांध घालू नयेत आणि धान्याची विक्री अडवू नये, ही कलमे होती.

तरीही पाण्याच्या नियंत्रणातूनच चीनची केंद्रीय सत्ता जन्मली, हे मत मला मान्य नाही. शांग काळात राजसत्तेने मोठे कालवे खोदल्याचा ठोस पुरावा मिळत नाही, आणि धरणांचे मोठे जाळे पाच हजार वर्षांपूर्वी उभे राहिले ते दूर दक्षिणेला, यांगत्सेच्या मुखाजवळच्या भातशेतीच्या प्रदेशात, ल्यांगझू येथे.

उत्तरेत कालव्यांनी राजकारण बदलले ते खूप नंतर. तेव्हा चीन आपसांत लढणाऱ्या सात राज्यांत विभागलेला होता. त्यांपैकी हान राज्याने झेंग ग्वो नावाच्या जलतज्ज्ञाला छिन राज्यात धाडले. अवाढव्य कालव्याच्या खर्चात छिनची ताकद खर्ची पडावी, हा त्यामागचा डाव होता. डाव उघड झाला, पण काम थांबवले गेले नाही. इ.स.पू. २४६ मध्ये सुरू झालेल्या त्या कालव्याने गाळाने भरलेले पाणी वेइ नदीच्या खोऱ्यातल्या खारपड जमिनींवर आणले, त्या जमिनी पिकू लागल्या, आणि त्या धान्याच्या बळावर छिनने इ.स.पू. २२१ पर्यंत हानसह उरलेली सहाही राज्ये जिंकून घेतली.