रिगवरचा गंज: दोष खालचा की वरचा?

श्रोतेहो, नमस्कार. लुणेजला १९५८ मध्ये आणि अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं, तेव्हापासून आपल्या बडोद्याचं रिगशी, म्हणजे तेलविहीर खोदणाऱ्या यंत्रणेशी, नातं जुळलं. दांडिया बाजारापासून मकरपुऱ्यापर्यंत ज्या मराठी घरांतली मुलं ड्रिलिंगला जातात, त्यांच्यासाठी आज बोलतो आहे.

ड्रिल पाइप, म्हणजे विहीर खोदताना फिरणारा पोलादी पाइप, का गंजतो, असं विचारलं की बरेच जण जमिनीखालच्या वायूंकडे बोट दाखवतात. त्यांचा दोष आहेच. पण पहिला गुन्हेगार वर, आपल्या डोळ्यांसमोर असतो: हवा. मड, म्हणजे पाइपातून विहिरीत फिरवला जाणारा चिखलासारखा द्रव, विहिरीतून परत आला की शेल शेकरवर, म्हणजे खडकाचा चुरा गाळणाऱ्या हलत्या चाळणीवर, सांडतो, टाकीत ढवळला जातो, हॉपरमधून, म्हणजे नरसाळ्यातून, पावडर सोडताना फेसाळतो. दर वेळी त्यात ऑक्सिजन विरघळतो आणि पंप तो थेट पाइपात ढकलतो. साध्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पाइपाला खड्डे पाडायला त्याहून बराच कमी पुरतो. त्यात मड खारट असला, की वीज सहज वाहते आणि गंजाला जोर चढतो.

सगळीकडे सारखा चढलेला गंज एक वेळ परवडला. घात करतो तो खड्डा. वाकड्या भोकात फिरणारा पाइप दर फेऱ्याला एका अंगाने ताणला जातो, मग दाबला जातो. मिनिटाला १०० फेरे धरले, तर तासाला ६,००० वेळा. तो ताण खड्ड्याच्या तळाशी एकवटतो, तिथून चीर निघते, चिरेतून मड फवारतो आणि वेळीच कळलं नाही तर पाइप तुटून खाली राहतो. म्हणून पंपाचा दाब हळूहळू उतरताना दिसला, तर पंपातच बिघाड आहे असं धरून बसू नका.

आता खालचे वायू. कार्बन डायऑक्साइड मडचा पीएच खाली ओढतो, म्हणजे मड आम्लाकडे झुकतो. कॉस्टिक सोडा किंवा चुन्याने तो सावरता येतो. हायड्रोजन सल्फाइडची मात्र मला खरी भीती वाटते. त्याच्यामुळे हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ताणाखालचा पाइप काचेसारखा तडकतो. पोलाद जितकं कठीण, तितका धोका जास्त. अशा विहिरीत सगळ्यात भारी ग्रेडचा पाइप उतरवणं अंगाशी येऊ शकतं. आणि मुलांनो, या वायूचा सडक्या अंड्यांचा वास प्रमाण वाढलं की नाकाला कळेनासाच होतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं कधीही मानू नका.

मडचा पीएच साडेनऊच्या वर राखा. काम नसेल तेव्हा हॉपर बंद ठेवा, टाकीत येणाऱ्या पाइपाचं तोंड मडमध्ये बुडालेलं असू द्या. उरलेल्या ऑक्सिजनसाठी सोडियम सल्फाइट आहे. बाहेर काढलेला पाइप गोड्या पाण्याने धुवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

टूल जॉइंटमध्ये, म्हणजे दोन पाइपांच्या सांध्यात, वजन करून पोलादाचं कडं बसवतात आणि काही दिवसांनी काढून पुन्हा तोलतात. घटलेलं वजन गंजाचा वेग सांगतं. पण तेवढ्यावर थांबू नका. कडं साफ करून भिंगाखाली धरा. वजन फारसं घटलं नसूनही खोल खड्डे दिसले, तर पुढच्या ट्रिपलाच, म्हणजे पाइप बाहेर काढाल तेव्हाच, पाइपांची तपासणी करून घ्या. नमस्कार.